उंबरओढ्याची मोजणी

नागपूर
१२ जुलै १९९३

प्रिय मैना,

सामान अजून खोक्यांतच आहे, पण पहिलं पत्र तुलाच लिहायचं ठरवलं होतं. दिगंबर नव्या ऑफिसात रुजू झाले. मला इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचं काम मिळालं. इथली माणसं फार प्रेमाने बोलतात. कसबा पेठेत वाढलेल्या बाईला याची सवय व्हायला वेळ लागेल.

पाच वर्षं मी दोन बस बदलून भैरोबावाडीला येत होते. पहिल्या दिवशी तू ओढ्यावर धुणं धूत होतीस. माझ्या हातातली जाळी बघून म्हणालीस, "बाई, हितं मासं न्हाईत." मी म्हटलं, मासे नकोत, किडे हवेत. तू इतकी हसलीस की तुझं एक लुगडं वाहून गेलं आणि आपण दोघी त्याच्यामागे धावलो. नंतर सहा महिन्यांत तू दगडाखालची अळी माझ्याआधी ओळखायला लागलीस. दहावीनंतर तुला शिकू दिलं असतं तर आज माझ्या जागी तू असतीस, हे मी उगाच म्हणत नाही.

आता काम सांगते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उंबराखालच्या डोहापासून वरच्या बाजूला वीस दगड उचलायचे. खालच्या अळ्या पांढऱ्या ताटात घ्यायच्या, मोजायच्या, परत पाण्यात सोडायच्या. काठावरचे चतुर आणि त्यांच्या सडपातळ बहिणी, टाचण्या, तासभर बसून मोजायच्या. पुराच्या महिन्यांत जायचं नाही. आकडे मला कळवायचे. या ओढ्याची सलग दहा वर्षांची नोंद झाली, तर तशी नोंद पुण्याच्या आसपास दुसरी नसेल.

तुझी,
उल्काताई


भैरोबावाडी
२४ ऑक्टोबर १९९३

ती. उल्काताईंना मैनाचा नमस्कार.

पत्र मिळालं. सासूबाईंनी दोनदा वाचून घेतलं. नागपूरला ज्वारी मिळते का, असं त्यांनी विचारायला सांगितलंय.

पाणी उतरलं तशी लगेच गेले. तुम्ही दिलेली जाळी उंदरांनी खाल्ली होती. ह्यांनी मच्छरदाणीचं कापड आणि सायकलच्या चाकाची तार घेऊन नवीन करून दिली. तुमच्या जाळीपेक्षा चांगली आहे, राग मानू नका. वरून स्वतः ताट धरून उभे राहिले. मामंजी बांधावरून म्हणाले, "बजरंगा, बायकू किडं मोजती आन् तू ताट धर. नांगर मी धरतो."

वीस दगडांखाली तीन शेपट्यांच्या अळ्या एकेचाळीस, चपट्या दोन शेपट्यांच्या नऊ, वाळूचं घर करून राहणाऱ्या सतरा. टाचण्या बत्तीस. हिरव्या पंखांची, तुमची लाडकी, सहा नर आणि दोन माद्या. एक मादी करंजाच्या बुडालेल्या मुळीवर अंडी घालत होती. पूर्ण पाण्याखाली गेली, ताई. मला वाटलं बुडाली. मी दोनशेपर्यंत मोजलं, मग वर आली आणि पंख वाळवत बसली. नर तिच्यावर पहारा देत होता. हे सगळं मी ह्यांना दाखवलं. ते म्हणाले, एवढी वर्षं इथं पोहतोय, कधी बघितलं नाही.

तुमची,
मैना


भैरोबावाडी
११ फेब्रुवारी १९९६

ती. उल्काताईंना नमस्कार.

चार महिने पत्र नाही, रागावला असाल. घरात धावपळ होती. ओढ्याकडेची जमीन मामंजींनी दिली. सगळ्यांनीच दिली. कर्वेनगरकडून इमारती येतच होत्या, आता आमच्या बांधाला लागल्या. आमची वरची पट्टी तेवढी राहिली आहे. ओढ्याकाठचे करंज तोडले. वाळुंजही गेली. उंबर अजून आहे, देवाचा म्हणून कोणी हात लावत नाही.

खोदाईचा मुरूम आणि जुन्या भिंतींचा राडारोडा काठावर आणून टाकतात. पाणी तांबडं असतं. या महिन्यात तीन शेपट्यांच्या अळ्या फक्त सहा. वाळूच्या घरातल्या दोन. चपट्या नाहीत. हिरव्या पंखांची दिसली नाही, ऊन फार झालंय म्हणून असेल. दगड उचलला तर खाली पोकळीच नाही, सगळा गाळ बसलाय.

पुढच्या महिन्यात बरं असेल.

तुमची,
मैना


नागपूर
३ एप्रिल १९९६

प्रिय मैना,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं. दिगंबर नऊ मार्चला गेले. ऑफिसात खुर्चीवर बसल्या जागी. चहा मागवला होता, तो येईपर्यंत संपलं होतं.

माणसं येतात, बसतात, जातात. माझा भाऊ श्यामसुंदर पुण्याला परत चल म्हणतो. पण तिथे जाऊन काय करू? कॉलेज आहे, परीक्षा आहेत.

तू गाळाबद्दल लिहिलंस ते वाचलं. असं होतं. त्या अळ्या दगडाखालच्या फटीत राहतात, तिथल्या वाहत्या पाण्यातून श्वास घेतात. फट बुजली की त्या जागा सोडतात आणि प्रवाहात वाहून जातात. पण वरच्या अंगाला चांगली जागा उरली असेल, तर पुन्हा येतात. ओढे चिवट असतात.

मैना, एक मागते. आकडे पाठवणं थांबवू नकोस. या महिन्यात इतकी पत्रं आली, सगळी एकसारखी. मला उघडावंसं वाटतं ते तुझंच. ओढ्यावर काही बरं दिसलं तर तेवढंच लिही, चार ओळी चालतील.

उल्काताई


भैरोबावाडी
१९ मे १९९६

ती. उल्काताईंना,

तुमचं पत्र वाचून सासूबाई रडल्या. साहेब एकदाच आले होते आमच्याकडं, पण पिठलं दोनदा मागून घेतलं होतं, ते त्या अजून सांगतात. मला काय लिहावं कळत नाही.

ओढ्याचं चांगलं आहे, ताई. तुम्ही म्हणालात तसंच झालं. तीन शेपट्यांच्या अळ्या पुन्हा आल्या, अठ्ठावीस मिळाल्या. वाळूच्या घरातल्या अकरा. हिरव्या पंखांची तीन दिसली. तुम्ही काळजी करू नका. जेवत जा.

तुमची,
मैना


नागपूर
१५ जानेवारी १९९८

प्रिय मैना,

आनंदाची बातमी आहे आणि ती सांगायला घरात कोणी नाही, म्हणून कॉलेजातून आल्या आल्या पत्र लिहायला बसले. उंबरओढ्यावरचा आपला लेख एका शास्त्रीय मासिकाने छापायला घेतला. साडेचार वर्षांच्या नोंदी, त्यातले जवळजवळ सगळे आकडे तुझे. शेवटी मी लिहिलं आहे की काठावर बांधकाम आणि भराव होऊनही उंबरओढ्यातले स्वच्छ पाण्याचे कीटक थोड्या काळात सावरले आणि टिकून आहेत. परीक्षकांना हे नवल वाटलं. आभारात पहिलं नाव तुझं आहे: श्रीमती मैना बजरंग पायगुडे, भैरोबावाडी.

दिगंबर गेल्यावर मी काही करू शकेन असं वाटत नव्हतं. हा लेख तुझ्या पत्रांनी लिहून घेतला. मे महिन्यात पुण्याला येईन म्हणते. तुझ्याबरोबर डोहाकाठी बसायचं आहे.

उल्काताई


भैरोबावाडी
८ मार्च १९९८

ती. उल्काताईंना नमस्कार.

लेखाचं वाचून बरं वाटलं. माझं नाव कशाला घातलं? मेमध्ये येऊ नका. नणंदेच्या घरी लग्न आहे, आम्ही कोणी इथं नसणार. पाणीही आटलेलं असतं. गाव आता शहरात गेलंय, बस थेट येते, पण रस्ता खणलाय. पुढच्या वर्षी बघू.

मैना


नागपूर
२२ नोव्हेंबर १९९८

प्रिय मैना,

हे पत्र शांतपणे वाच आणि शांतपणे उत्तर दे.

श्यामसुंदरचं पत्र आलं. त्याच्या ओळखीचे एक वकील तुमच्या भागातल्या एका सुनावणीला हजर होते. ओढ्याचा चारशे फूट भाग सिमेंटच्या नळात घालून वर रस्ता करायचा आहे. वस्तीतल्या एका बाईंनी हरकत घेतली होती, बायडाबाई नावाच्या. त्यांचं म्हणणं, भराव टाकल्यापासून ओढा मेला आणि त्याला लागून असलेली त्यांची विहीर नासली. बिल्डरच्या वकिलांनी त्यांच्यासमोर माझा लेख वाचून दाखवला. प्राध्यापक बाई स्वतः लिहितात की ओढा जिवंत आहे, भरावाने काही बिघडलेलं नाही. हरकत फेटाळली गेली.

श्यामसुंदर दुसऱ्या दिवशी मुद्दाम ओढा बघायला गेला. तो लिहितो, "उल्का, तुझे कीटक फारच सोशिक दिसतात. मला नाकाला रुमाल लावूनही दोन मिनिटं उभं राहवलं नाही."

त्याने चुकीचा ओढा बघितला असेल, असं मी स्वतःला चार दिवस सांगते आहे. मैना, तू मोजणी कुठे करत होतीस?

उल्का


भैरोबावाडी
६ डिसेंबर १९९८

ताई,

तीन वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

भाऊंनी बरोबर ओढा बघितला. मी मे शहाण्णवपासून मोजणी केलेली नाही. आकडे घरी बसून लिहिले. जुन्या वहीतले घेतले, थोडे कमीजास्त केले. एकदा दोन पानं जशीच्या तशी उतरली. तुम्ही ओळखाल असं वाटलं होतं. ओळखलं असतं तर बरं झालं असतं.

तुम्हाला न सांगितलेलं आणखी एक आहे. जमीन दिल्यावर ह्यांनी ट्रक घेतला. शेती गेली, काहीतरी करायला पाहिजे होतं. पहिलं काम मिळालं ते बिल्डरचं. राडारोडा उचलायचा आणि ओढ्याकाठी टाकायचा. फेब्रुवारीत मी लिहिलं होतं ना, आणून टाकतात. टाकणारे हे होते. एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी ताट घेऊन गेले तेव्हा ह्यांचाच ट्रक मागं येत होता. मी पाण्यात उभी होते. मला बघून त्यांनी ट्रक थांबवला, खाली उतरले आणि म्हणाले, "मैना, घरी जा. तू हितं आसलीस की मला टाकता येत न्हाई." रागानं नाही बोलले, ताई. खाली बघून बोलले. मी घरी आले. मागं ट्रक रिकामा झाल्याचा आवाज ऐकला.

त्या दिवशी मी सात दगड उचलले होते. सातही दगडांखाली काही नव्हतं. लाल अळ्या होत्या, गटारात असतात तशा. घरी आले आणि आठवड्यानं तुमचं पत्र आलं. साहेब गेल्याचं. काही बरं दिसलं तर लिही, असं तुम्ही लिहिलं होतं. मी कशी लिहिणार होते की काही नाही? वाटलं, या महिन्यापुरतं चांगलं लिहू, पुढं खरं लिहू. मग तुमचं उत्तर आलं की त्या दिवशी तुम्ही बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलात. मग पुढच्या महिन्यात पण तसंच लिहिलं. लेखात जाईल हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही. ठाऊक होतं. पण लेख म्हणजे तुमच्यासारखी चार माणसं वाचणार, असं वाटायचं. इथं कोण वाचतंय?

बायडाबाई आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतात. विहिरीवर आता झाकण टाकलंय. साठीची बाई टँकरच्या रांगेत उभी असते. सुनावणीहून आल्या तेव्हा सरळ माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "तुझी ताई तर लई चांगली व्हती. तिनं आसं कसं गं लिवलं?" मी म्हटलं, मला काय माहीत. त्या पाणी पिऊन गेल्या. तेव्हापासून मला झोप नाही.

तुम्ही काय शिक्षा द्याल ती घेईन.

मैना


नागपूर
३ जानेवारी १९९९

मैना,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुझ्यावर फार चिडले. उत्तर लगेच लिहिलं असतं तर ते क्रूर झालं असतं. म्हणून थांबले. थांबल्यामुळे दुसरं काहीतरी समोर आलं, आणि ते तुला सांगितलं नाही तर माझ्या रागाला काही किंमत नाही.

ती दोन पानं मी ओळखली होती.

नोव्हेंबर चौऱ्याण्णव आणि नोव्हेंबर शहाण्णव. अळ्यांच्या तिन्ही जाती, आकड्याला आकडा सारखे. लेखाचा तक्ता करताना माझं बोट दोन्ही ओळींवर एकदम थांबलं. मी मुलांना वर्गात सांगते की निसर्ग एकच आकडा दोनदा देत नाही, दिला तर माणसाकडे बघा. मी तुझ्याकडे बघितलं नाही. पत्र टाकून विचारलं नाही, पुण्याचं तिकीट काढलं नाही. योगायोग म्हणून पुढे गेले, कारण ओढा सावरला आहे हे मला हवं होतं. दिगंबर गेल्यावर काहीतरी सावरतं हे मला कुठेतरी लिहून ठेवायचं होतं. तू मला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिलंस. मी ते खोटं असल्याचा संशय येऊनही छापलं. मी शिकलेली, पगारी, नावापुढे डॉक्टर लावणारी. तुझ्या चुकीपेक्षा माझी मोठी आहे.

आणि आणखी एक. तुला मी जाळी धरायला शिकवलं, अळ्या ओळखायला शिकवलं. शून्य लिहायला शिकवलं नाही. शून्य हाही आकडाच असतो आणि कधीकधी तोच सगळ्यांत महत्त्वाचा असतो, हे मी तुला एकदाही सांगितलं नाही. उलट "काही बरं दिसलं तर लिही" असं सांगितलं.

लेख मागे घेण्याचं पत्र मी मासिकाला पाठवलं आहे. मे शहाण्णवपासूनच्या नोंदी खऱ्या नाहीत आणि निष्कर्ष रद्द समजावा, असं स्पष्ट लिहिलं आहे. तुझं नाव घेतलेलं नाही, जबाबदारी माझीच आहे. त्याची सहीची प्रत सोबत आहे. सुनावणी झाली त्या कचेरीत ती द्यायला हवी. पोस्टानेही पाठवली आहे, पण पोस्टाने गेलेले कागद तिथे कुठे जातात ते तुला माहीत आहे. ते तुझ्याकडून होणार नसेल तर तसं कळव. तुझं घर त्याच ट्रकवर चालतं, हे मी विसरलेले नाही. श्यामसुंदरला पाठवीन.

उल्का


भैरोबावाडी
१४ मार्च १९९९

ती. उल्काताईंना,

भाऊंना पाठवू नका. मी जाऊन आले.

आधी बायडाबाईंकडं गेले. त्या भाकरी थापत होत्या. मी उंबऱ्यात बसून सगळं सांगितलं. ताईनं नाही, मी लिहिलं, घरात बसून. त्यांनी भाकरी भाजून होईपर्यंत मान वर केली नाही. मला वाटलं, शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "तू ताट घिऊन वड्यात उतरायचीस, तवा मला बरं वाटायचं. म्हणायची, एक तरी माणूस वड्याकडं बगतंय." एवढंच. मग म्हणाल्या, "चल, कुटं जायचं त्ये." आणि पदर खोचून माझ्याबरोबर निघाल्या.

कचेरीत साहेबांनी तुमचं पत्र वाचलं. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "बाई, हे नोव्हेंबरात आणलं असतं तर काही करता आलं असतं. आता काम दिलं गेलंय." मी म्हटलं, आमचा कागद घेतल्याचा शिक्का द्या. त्यानं दिला. बायडाबाईंनी तो शिक्का मारलेला कागद घडी करून कमरेला लावला.

ह्यांना मी त्याच दिवशी सांगितलं. ते तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. कामावर जात होते, येत होते, जेवत होते. सासूबाईंच्या मार्फत मीठ मागायचे. मग नळ टाकायच्या आदल्या रविवारी मी ताट काढलं, तर दारात उभे होते. म्हणाले, "मी येऊ का?" मी हो म्हटलं.

वीस दगड उचलले, ताई. काही जागी दगड मिळाला नाही, विटांचे तुकडे उचलावे लागले, ते वेगळे लिहिलेत. तीन शेपट्यांच्या, शून्य. चपट्या, शून्य. वाळूच्या घरातल्या, शून्य. पाण्यावर पळणाऱ्या निवळ्या, शून्य. लाल अळ्या ताटात मावेनात, तीनशेनंतर मोजणं सोडलं. शेपटीनं श्वास घेणाऱ्या, उंदराच्या शेपटीसारखी लांब शेपटी असलेल्या, एकोणीस. काठावर तासभर बसलो. डास सोडून काही उडालं नाही. एक चतुर आला, लाल, तो कुठंही येतो. दोन फेऱ्या मारून गेला. बसला नाही.

ह्यांनी शेवटपर्यंत ताट धरलं. एकदाच बोलले. "हे सगळं माज्या ट्रकनं झालं का?" मी म्हटलं, एकट्या तुमच्या नाही. गटारं सोडली, झाडं तोडली, सगळ्यांनी जमिनी दिल्या. ते म्हणाले, "पर माज्यानं बी झालं." मी खोटं बोलले नाही. हो म्हटलं.

सोमवारी नळ बसले. उंबर पण गेला. रस्त्याच्या आड येत होता.

मैना


नागपूर
२९ मार्च १९९९

प्रिय मैना,

आकडे पोचले. वहीत घेतले, विटांचे वेगळे घेतले. साडेपाच वर्षांतली ही सर्वांत चांगली नोंद आहे. मी तुझी शिक्षिका म्हणून सांगते आहे, मन राखायला नाही.

मासिकाने माघारीची सूचना छापली, आतल्या पानावर, चार ओळींची. कॉलेजात त्यावर बोलणं झालं. माझं पुढच्या वर्षीचं विभागप्रमुखपद दुसऱ्यांना दिलं. ते योग्यच झालं. मुलांना मात्र मी दोन्ही पानं फळ्यावर लिहून दाखवली, चौऱ्याण्णवचं आणि शहाण्णवचं. यातलं कुठलं खोटं आहे आणि ते कोणी ओळखायला हवं होतं, असं विचारलं. एका मुलीने खाली मान घालून सांगितलं, "मॅडम, तुम्ही."

बजरंगरावांना माझा नमस्कार सांग. त्यांनी जो प्रश्न तुला विचारला, तो त्या सुनावणीत बसलेल्या एकाही माणसाने विचारलेला नाही.

अकरा एप्रिलच्या रविवारी सकाळी मी पुण्यात पोचते. श्यामसुंदर स्टेशनवर येईल म्हणतो, पण त्याला मी नको सांगितलं आहे. आधी तुमच्याकडे येईन. ओढा बघायचा नाही, बघायला काही उरलेलं नाही हे तू नीट लिहिलं आहेस. मला बायडाबाईंच्या घरी जायचं आहे. तू बरोबर ये, पण माझ्यासाठी काही बोलू नकोस. त्यांना विचारून ठेव, मी आले तर दार उघडतील का. नाही म्हणाल्या तर तसंच कळव.

तुझी,
उल्काताई